स्वस्तातली भुतं : कमी पैशांत काढलेले जुने भयपट आणि विज्ञानपट

पिंपळावरचा मुंजा
शुक्रवार, रात्री ११:५२

मंडळी, आज 'पुराना मंदिर' (१९८४) परत बघितला. कितव्यांदा ते विचारू नका, घरच्यांनी मोजायचं सोडून दिलंय. शुक्रवारी जेवणं उरकली की बाकीचे आपापल्या खोलीचं दार लावून घेतात आणि मी हॉलमधले दिवे घालवून एखादा जुना, फाटका भयपट नाहीतर विज्ञानपट लावतो. चार वर्षं झाली या नेमाला. श्रावणातसुद्धा मोडला नाही.

धागा काढायचं कारण असं, की ऑफिसात हे सांगितलं की दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "शी, कसलं भंगार बघतोस!" आणि दुसरं, "हो रे, काय हसतो ना आपण ते बघून!" मला दोन्ही पटत नाहीत. हसू येतं, नाही असं नाही. जगदीप 'शोले'ची नक्कल करत हिंडतो तेव्हा कुणालाही येईल (तिसऱ्या वेळी कंटाळा येईल). पण पेटीतलं सामरीचं, म्हणजे त्यातल्या सैतानाचं, मुंडकं आणि पेटीवरचा तो त्रिशूळ दिसला की अजूनही माझे पाय आपसूक सोफ्यावर येतात. वय वर्षं पन्नास.

हे काढणारं रामसे कुटुंब म्हणजे अस्सल एकत्र कुटुंब. वडील फतेहचंद, मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं, गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात आडनाव बसेना म्हणून त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोड. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात, तेवढ्या प्रसंगाला लोक शहारतात, हे पोरांच्या ध्यानात आलं. मग बाकीचा सिनेमा टाकून द्यायचा आणि तो प्रसंगच दोन तास चालवायचा! त्यातून आला १९७२चा 'दो गज ज़मीन के नीचे'. शूटिंग महाबळेश्वरला. सात भाऊ : कुमार लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मिती सांभाळून पडेल ते काम करणार. घरच्या बायका स्वयंपाक आणि कपडेपट बघणार. बाहेरचा माणूस जेवढा कमी तेवढा पगार कमी, एवढं साधं गणित.

आता माझी गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी जत्रेत तंबू टॉकीज लागायची. खाली गवत नाहीतर पोतं, पडदा दोन बांबूंना ताणलेला. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि भुताचं तोंड पोटातून वर यायचं. अशाच एका रात्री ऑपरेटरने रिळं उलटीसुलटी लावली. सिनेमा कुठला ते आता आठवत नाही, पण हवेलीतला म्हातारा नोकर डोळ्यांदेखत मेला, दिवे लागले, रीळ बदललं, आणि तोच नोकर चहाचा ट्रे घेऊन आत आला. अख्खा तंबू किंचाळला. शेजारच्या मावशींनी माझा हात असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. त्या रात्रीइतका मी पुढे कुठल्याच सिनेमाला घाबरलो नाही. आणि ते कुणी ठरवून केलेलंसुद्धा नव्हतं.

तर तुम्ही काय बघता, कसं बघता, आणि हसायला बघता की घाबरायला, ते लिहा.


खडूस_काकू
शनिवार, ००:२४

पहिली मीच का! बसा आता.

मुंजाबा, लेख झकास, पण मी हसायलाच बघते आणि त्याची मला लाज वाटत नाही. आम्ही चार मैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो, भडंग, कांदा, शेंगदाणे, आणि समोर 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. एड वुड नावाच्या गृहस्थांनी काढलाय. विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी पडदा, थडगी धक्का लागला की हलतात, एकाच पाठलागात घटकाभर दिवस आणि घटकाभर रात्र. उडत्या तबकड्या म्हणजे जेवणाच्या प्लेटा दोऱ्याला बांधून सोडल्यात. याच्याकडे भक्तिभावाने बघायचं म्हणजे काय करायचं, हात जोडायचे?


बबन्या_०७
शनिवार, ००:३१

वाखुसा (वाचनखूण साठवली).

काकू, तुमच्या मैत्रिणींच्या गटात जागा आहे का? भडंग मी आणतो.


तर्कटशास्त्री
शनिवार, ०९:१०

काकू, एक दुरुस्ती. त्या तबकड्या जेवणाच्या प्लेटा नव्हत्या. गाडीच्या चाकाची झाकणं होती असंही सांगतात, तेही खरं नाही. बाजारात मुलांसाठी प्लॅस्टिकचं जोडून करायचं किट मिळायचं, ते होतं ते. माणसाने हसावं, पण योग्य वस्तूला हसावं.

आणि त्या सिनेमाची खरी गंमत वेगळीच आहे. बेला लुगोसी हा एके काळचा ड्रॅक्युला. तो १९५६च्या ऑगस्टमध्ये वारला. वुडकडे त्याची काही मिनिटांची मुकी चित्रफीत शिल्लक होती, कुठल्याच सिनेमाची नसलेली. तेवढ्यावर त्याने पूर्ण लांबीचा सिनेमा उभा केला. बाकीच्या दृश्यांत लुगोसीऐवजी वुडच्या बायकोचा हाडवैद्य उभा केला. तो लुगोसीपेक्षा उंच आणि चेहऱ्याचं साम्य शून्य, म्हणून सबंध वेळ झग्याचं टोक नाकापर्यंत धरून वावरतो. पैसे दिले ते बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी. १९८०मध्ये मेडव्हेड बंधूंनी त्याला आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं आणि तेव्हापासून तो जोरात चालायला लागला.

मला विचाराल तर मेलेल्या मित्राची तेवढी फीत फेकून न देणाऱ्या माणसाला मी हसू शकत नाही. पण हे माझं मत.


खडूस_काकू
शनिवार, ०९:४०

शास्त्रीबुवा, तुम्ही हाडवैद्याचं सांगितलंत आणि मी चहा सांडला. आता तर जास्तच हसणार.


दूरदेशी
शनिवार, १७:०५ (आमच्याकडे सकाळ)

धागा आवडला! मी पिट्सबर्गपासून गाडीने तासाभरावर राहते, तेव्हा जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'बद्दल (१९६८) लिहिणं माझं कर्तव्य आहे. सगळा सिनेमा या भागातलाच. पहिला प्रसंग इव्हान्स सिटीच्या दफनभूमीत घडतो, भाऊबहीण वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवायला येतात तो. मी बघून आले. उतारावरची साधी, शांत जागा आहे, आजही तिथे लोकांचं दफन होतं, म्हणून मोठ्याने बोलायचीही चोरी. सिनेमात दिसणारं छोटं प्रार्थनागृह मोडकळीला आलं होतं, ते चाहत्यांनी वर्गणी काढून नीट करून घेतलं. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धाराला पावती फाडतात ना, अगदी तसंच.

रोमेरो आणि मंडळी जाहिराती करणारी. एकूण खर्च साधारण १ लाख १४ हजार डॉलर. कृष्णधवल काढला कारण रंगीत फिल्म परवडत नव्हती. शेतातलं घर मिळालं कारण ते पाडायचंच होतं, म्हणून खिडक्या फोडा, दारं ठोका, कुणी काही म्हणणार नाही. रक्त म्हणजे चॉकलेटचं सरबत (काळ्यापांढऱ्यात रक्तापेक्षा रक्तासारखं दिसतं). जिवंत झालेली प्रेतं जे मांस खातात ते भाजलेलं हॅम, त्यावर तेच सरबत. तळघरातलं नवराबायकोचं जोडपं निर्मात्यांपैकीच होतं, तीच माणसं मेकअप आणि आवाजाचं कामही करत होती. म्हणजे मुंजाबुवा, तुमच्या रामसे घराण्यासारखाच प्रकार, नात्याऐवजी मैत्रीवर चाललेला.

पण मी तो घाबरून बघते. नायक ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट, आणि १९६८ साली सगळ्या गोऱ्यांना तो हुकूम सोडतोय. सिनेमात कुणी त्याच्या रंगाबद्दल एक अक्षर काढत नाही. शेवट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगत नाही. इथल्या शेजाऱ्यांबरोबर तो शेवट पाहिला तेव्हा पुढची दहा मिनिटं कुणी बोललं नव्हतं.


तर्कटशास्त्री
शनिवार, १७:४८

दूरदेशीताई, उत्तम. याला एक पुरवणी. सिनेमाचं आधीचं नाव वेगळं होतं आणि हक्कांची (कॉपीराइटची) सूचना त्या नावाच्या पाटीवर होती. वितरकाने नाव बदललं, पाटी बदलली आणि सूचना नव्या पाटीवर घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने सूचना नाही म्हणजे हक्क नाही. सिनेमा आल्या दिवसापासून सगळ्यांचा झाला. रोमेरोला त्यातून मिळायला हवे होते तेवढे पैसे मिळाले नाहीत, पण कुठलीही वाहिनी, कुठलाही कॅसेटवाला तो फुकट दाखवू शकायचा, म्हणून तो घरोघरी पोचला. आजही इंटरनेटवर कायदेशीरपणे फुकट बघता येतो. घाणेरड्या प्रतीत बघू नका, २०१८मध्ये नीट दुरुस्त केलेली प्रत आली आहे ती बघा.


बबन्या_०७
शनिवार, १८:२०

विज्ञानपटांचं कुणीच बोलेना म्हणून माझा नंबर. 'चांद पर चढाई', १९६७. दारा सिंग चंद्रावर जातात. आर्मस्ट्राँग गेला १९६९ला, म्हणजे आपला गडी दोन वर्षं आधी जाऊन तिथेही कुस्ती मारून आला. हाहाहा.

दुसरा, जॉन कार्पेंटरचा 'डार्क स्टार' (१९७४). कॉलेजात असताना सुरू केलेला, मग ओढून ताणून मोठा केलेला. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तो फुगवायचा चेंडू, खाली नखंवाले दोन पंजे लावलेले. बस्स. तो प्राणी लिफ्टच्या पोकळीत एकाला छळ छळ छळतो. लिहिणारा आणि छळून घेणारा नट एकच, डॅन ओ'बॅनन. लोक त्या चेंडूला नीट घाबरले नाहीत, आणि पुढे यानेच 'एलियन' (१९७९) लिहिला. यानात एक प्राणी आणि अडकलेली माणसं, मांडणी तीच. फक्त या वेळी चेंडू नव्हता.

आणि 'झपाटलेला'ला यात घ्यायचं की नाही? तात्या विंचूमुळे मी आठवीपर्यंत बहिणीच्या बाहुल्या कपाटात कोंडायचो.


तर्कटशास्त्री
शनिवार, १८:३३

तात्या विंचू १९९३चा आणि तो बाहुला रामदास पाध्यांचा, म्हणजे कसलेल्या हातचा. स्वस्तातल्या भुतांत बसणार नाही. त्यासाठी वेगळा धागा काढावा.


बबन्या_०७
शनिवार, १८:३४

ओम फट् स्वाहा.


रीळवाला
शनिवार, २१:१५

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण मुंजासाहेबांचा नोकराचा किस्सा वाचून राहवलं नाही. मी एकवीस वर्षं एका जिल्ह्याच्या गावी थेटरात ऑपरेटर होतो.

तंबूत ती चूक का होते ते सांगतो. थेटरात दोन मशीन असतात. एकावर रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो, तो दिसला की दुसरं चालू करायचं. पब्लिकला कळत नाही. तंबूवाल्याकडे मशीन एकच. दर रिळाला दिवे लावायचे, डबा उघडायचा, नवं चढवायचं. समोर शिट्ट्या चालू, हातात बॅटरी, डब्यावरचा आकडा पुसलेला. इंग्रजी 3 आणि 8 अंधारात सारखेच दिसतात. मला त्या माणसाची दयाच आली.

त्यात आमच्याकडे उजेड कार्बनचा. दोन कांड्या समोरासमोर जळतात, जळून आखूड होतात, त्या सारखं पुढे सरकवत राहायचं. जरा लक्ष गेलं की पडदा पिवळट आणि अंधारा होतो. इतर सिनेमाला लोक ओरडतात. भुताच्या सिनेमाला कुणी ओरडत नाही, त्यांना वाटतं दिग्दर्शकानेच केलंय. म्हणून भुताचा सिनेमा लागला की आम्ही निवांत जेवायचो. :)

भुताच्या सिनेमाचा खरा शो शेवटचा. रामसेंचा असला की शुक्रवार-शनिवार बाल्कनी रिकामी आणि खालचा स्टॉल फुल्ल. घरंदाज लोक दिसायला नको म्हणून दिवे गेल्यावर येत आणि लागायच्या आत जात. नावं सांगत नाही.

एक जण म्हणाले हसायचं. हसा की. पण 'मानोस' नावाचा एक अमेरिकन सिनेमा आहे, १९६६चा, नातवाने दाखवला. खतं विकणाऱ्या एका माणसाने पैजेवर काढलेला. त्याच्याकडचा कॅमेरा चावीचा होता, एका चावीत ३२ सेकंदांच्या वर चालायचा नाही. आवाज नंतर दोनचार जणांनी मिळून सगळ्यांचे भरले. रात्रीच्या प्रसंगात दिव्यावर पाकोळ्या नुसत्या घोंगावतायत. नातू हसून लोळत होता. मी मात्र दर तुकडा मनात मोजत होतो. तीस आले की तुटणार, तीस आले की तुटणार. त्या माणसाने तरीही सिनेमा संपवला. मला हसू आलं नाही, घाम आला.


पिंपळावरचा मुंजा
शनिवार, २२:०२

रीळवाले काका, तुम्ही लिहीत राहा. ही आज्ञा समजा.

काकूंसाठी माझ्याकडे एक विनंती आहे. 'कार्निव्हल ऑफ सोल्स', १९६२. हर्क हार्वी हा कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट काढणारा नोकरदार माणूस. एकदा कॅलिफोर्नियाहून गाडीने परत येताना युटाच्या खाऱ्या सरोवराकाठी सॉल्टएअर नावाचा ओसाड पडलेला जलसाघर दिसला. घुमटवाला, भलामोठा, एकटा. घरी येऊन सहकाऱ्याला म्हणाला, या जागेवर गोष्ट लिही. सुट्टी काढून तीनेक आठवड्यांत उरकला, खर्च ३३ हजार डॉलरच्या आसपास. त्यातलं मुख्य भूत तो स्वतःच झालाय, पांढरी पावडर फासून. त्यानंतर पुन्हा मोठा सिनेमा केला नाही, परत नोकरीवर रुजू.

एकटीने बघा. भडंग नको. मग बोलू.


दूरदेशी
शनिवार, २२:४०

+१. आणि कानाला हेडफोन लावा काकू. त्या सिनेमात ऑर्गन वाजतो तो पोटात जातो.


बबन्या_०७
शनिवार, २३:०५

अवांतर : विल्यम कॅसल नावाचा एक दिग्दर्शक 'द टिंगलर'साठी (१९५९) थेटरातल्या काही खुर्च्यांखाली थरथरणाऱ्या मोटरी बसवायचा. ठरलेला प्रसंग पडद्यावर आला की बटण दाबायचे. आधीच्या सिनेमात तर प्लॅस्टिकचा सांगाडा तारेवरून लोकांच्या डोक्यावरून सोडला होता. पैसा सिनेमात घालण्यापेक्षा खुर्चीत घातला! रीळवाले काका, तुमच्याकडच्या खुर्च्यांत काय होतं?


रीळवाला
शनिवार, २३:११

ढेकूण.


खडूस_काकू
रविवार, ०१:२६

बघितला.

झोप येत नाहीये म्हणून लिहिते. पहिली वीस मिनिटं मी तयारीतच बसले होते, कुठे चुकतंय, कधी हसायचं. नट बरेचसे लाकडी आहेत, ते खरंच आहे. मग ती नायिका, मेरी, दुकानात कपडे बघायला जाते. झगा घालून बघते, बाहेर येते आणि विक्रेतीला काहीतरी विचारते. विक्रेती बघतच नाही. आणि त्या क्षणी सगळा आवाज जातो. गाड्या चालतायत, माणसं बोलतायत, तोंडं हलतायत, आवाज नाही. फक्त तिच्या टाचा वाजतायत. ती लोकांच्या समोर जाऊन उभी राहते, कुणाला दिसतच नाही. मला वाटलं हेडफोन बिघडला. काढला, घरातला पंखा ऐकू आला, परत लावला.

याला काय खर्च आला असेल? आवाज बंद केला, एवढाच. एक पैसा नाही.

(माझी सासू गेली त्यानंतर महिनाभर मला बाजारात असंच व्हायचं. कुणाला बोलले नव्हते. असो.)

मुंजाबा, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. 'प्लॅन नाइन'ला मी हसणारच, हाडवैद्य आला की जास्तच. पण यापुढे पहिल्यांदा बघायचा सिनेमा एकटीने आणि दुसऱ्यांदा मैत्रिणींबरोबर, असं ठरवलंय. हॉलमधला दिवा चालू ठेवून झोपतेय. यांनी विचारलं तर अभ्यास होता म्हणून सांगीन.


तर्कटशास्त्री
रविवार, ०८:५५

काकूंशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

मुंजाबांच्या मूळ मुद्द्यावर एक शंका. गरिबीमुळे सिनेमा चांगला होतो असं म्हणायचंय का? तसं असतं तर रामसेंचे सगळेच चांगले झाले असते. 'पुरानी हवेली' (१९८९) मी तीनदा प्रयत्न करून पूर्ण करू शकलो नाही. हार्वीकडे पैसे नव्हते तेव्हा त्याने आवाज काढून घेतला. रामसेंकडे पैसे नसत तेव्हा ते विनोदी नट घालत, कारण अर्धा तास स्वस्तात भरून निघतो. टंचाई तीच, उपाय वेगळे.


पिंपळावरचा मुंजा
रविवार, १०:१५

शास्त्रीबुवा, मुद्दा बिनतोड आहे आणि मला आवडलेला नाही.

बाजू मांडतो. विनोदाचे तुकडे सोडा. गंगू रामसेंचा उजेड बघा. हिरवा, जांभळा, लाल, खिडकीमागून धूर. भिंत पुठ्ठ्याची आहे हे लपवायला अंधार, आणि अंधार फार झाला म्हणून मधे एक रंगीत झोत. हे भाऊ काश्मीरला हाउसबोटीवर बसून जोसेफ मॅसेलीचं छायाचित्रणावरचं इंग्रजी पुस्तक वाचून कॅमेरा शिकले होते. आणि सामरीला मुखवट्याची गरजच फारशी पडली नाही, कारण त्यांना अनिरुद्ध अग्रवाल मिळाले. साडेसहा फुटांच्या घरातला माणूस, रुरकीहून इंजिनिअर झालेला. त्यांना खालून उजेड देऊन उभं केलं की काम झालं. पुढे 'बँडिट क्वीन'मध्ये (१९९४) बाबू गुज्जर झाले तेव्हा ना धूर होता ना रंगीत उजेड, तरी माणूस तेवढाच भिववतो.

आणि त्याच 'पुराना मंदिर'मध्ये ललिता पवार आहेत, सदाशिव अमरापूरकर आहेत. 'अर्धसत्य'चा रामा शेट्टी नुकताच गाजवलेला आणि अमरापूरकर इथे तितक्याच गांभीर्याने उभे. 'चला, उरकू' असा भाव चेहऱ्यावर कुठे नाही. मी बघतो ते त्यासाठी.

'पुरानी हवेली'बद्दल मात्र बोलत नाही. मलाही झोप लागली होती.

पुढच्या शुक्रवारी 'बंद दरवाज़ा' (१९९०). कोण कोण आहे?


दूरदेशी
रविवार, १७:३०

मी आहे. तुमची रात्र म्हणजे माझी दुपार, पडदे लावून घेईन.


खडूस_काकू
रविवार, १७:५२

मी एकटीने.


बबन्या_०७
रविवार, १८:०४

मी भडंग.


रीळवाला
रविवार, २१:४०

मीही बघीन, नातू लावून देतो म्हणाला.

जाता जाता एक कबुली. वर लिहिलं त्या तंबूवाल्याची मला दया आली ती उगीच नाही. आमच्याकडे एकदा भुताचा सिनेमा आला, नाव मुद्दाम सांगत नाही. प्रत बारा गावं फिरून आलेली, शेवटचं रीळ डब्यात चिकटून दगड झालेलं. वितरकाकडे दुसरी प्रत नव्हती. मालक म्हणाले, लाव, बघू. मी शेवटून दुसरं रीळ संपवलं आणि सरळ दिवे लावले. नायिका देवळात शिरली होती, मागे ते भूत होतं, आणि बस्स, दिवे.

सात दिवस, चार शो. एकाने पैसे परत मागितले नाहीत. शेवटच्या दिवशी फक्त एक म्हातारा जिना चढून केबिनपर्यंत आला. दाराशी उभा राहिला, धोतराचा सोगा हातात. विचारलं, "बाबा, भूत मेलं का?"

मी म्हणालो, मेलं.

बरं झालं म्हणाला आणि गेला. मी ते रीळ आजपर्यंत पाहिलेलं नाही.